उत्तर माणसाचं, देशाचं की प्रश्नाचं?

एक प्रश्न डोळ्यांसमोर आणा. ‘पर्यावरणाचं रक्षण व्हावं म्हणून वस्तूंसाठी खूप जास्त किंमत मोजायला तुम्ही कितपत तयार आहात?’ खाली पाच पर्याय, ‘अगदी तयार’पासून ‘मुळीच तयार नाही’पर्यंत. आणि सगळ्यात शेवटी एक ‘सांगता येत नाही’. इंटरनॅशनल सोशल सर्व्हे प्रोग्राम, म्हणजेच आयएसएसपी, ही पाहणी अनेक देशांत एकाच प्रश्नावलीवर चालते. तिच्यात हा प्रश्न १९९३ साली आला आणि पुढे २०००, २०१० व २०२० साली पर्यावरणाची प्रश्नावली थोड्याफार बदलांसह पुन्हा फिरली. हजारो माणसं या एका ओळीवर खूण करतात आणि त्या खुणांमधून पुढे बातमी निघते की अमुक देशातले लोक पर्यावरणाबाबत सर्वांत जागरूक, तमुक देशातले सर्वांत बेफिकीर.

अशा क्रमवाऱ्या वाचल्या की मी अस्वस्थ होते. कारण त्या एका खुणेत तीन गोष्टी कालवलेल्या असतात. पहिली म्हणजे तो माणूस: त्याचं मत, वय, शिक्षण, खिसा. दुसरी, तो राहतो तो देश: तिथली श्रीमंती, तिथलं प्रदूषण, तिथल्या सरकारवरचा लोकांचा भरवसा. तिसरी गोष्ट सहसा नजरेतून सुटते, ती म्हणजे खुद्द प्रश्न: त्याचे शब्द, त्याचं भाषांतर, उत्तराचे पर्याय. सरासरी काढली की तिन्ही एकजीव होऊन जातात. संख्याशास्त्रीय मॉडेल म्हणजे हे तीन धागे पुन्हा वेगळे करायचा प्रयत्न. तो कसा करतात आणि कुठे अडतो, ते इथे सांगायचं आहे.

या विषयातला सगळ्यात गाजलेला वाद श्रीमंतीवरून झाला. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ रोनाल्ड इंगलहार्ट यांचं म्हणणं असं होतं की पोटापाण्याची आणि सुरक्षिततेची चिंता मिटलेल्या समाजात वाढलेली पिढी वेगळी मूल्यं घेऊन मोठी होते. पैशापलीकडच्या गोष्टी तिला महत्त्वाच्या वाटतात आणि पर्यावरण ही त्यातलीच एक. म्हणजे देश श्रीमंत, तर पर्यावरणाची आस्था जास्त. पटण्यासारखं वाटतं. पण १९९२ साली गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेने २४ देशांत पाहणी केली आणि समाजशास्त्रज्ञ रायली डनलॅप व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की गरीब देशांतले लोकही पर्यावरणाबद्दल तितकेच चिंतित आहेत, काही प्रश्नांवर तर श्रीमंत देशांतल्या लोकांपेक्षा जास्त. इंगलहार्ट यांनी १९९५ साली त्यावर तोड काढली: गरीब देशांत लोक प्रत्यक्ष घाण पाणी आणि धुरकट हवा सोसतात म्हणून बोलतात, तर श्रीमंत देशांत मूल्यं बदलली म्हणून बोलतात. डनलॅप यांना ही मखलाशी वाटली. मला स्वतःला त्यांचा आक्षेप रास्त वाटतो, कारण कुठलाही निकाल आला तरी खरं ठरणारं स्पष्टीकरण तपासायचं कसं?

वादाची एक गाठ आंद्रियास डीकमान आणि आक्सेल फ्रान्झेन यांनी १९९९ साली सोडवली. त्यांनी प्रश्नच वेगवेगळे करून पाहिले. ‘प्रदूषण किती गंभीर आहे?’ अशा धाटणीच्या प्रश्नांचा देशाच्या श्रीमंतीशी फारसा संबंध दिसत नव्हता. ‘त्यासाठी किंमत मोजाल का, जास्त कर भराल का, राहणीमानात काटछाट कराल का?’ असं विचारलं की श्रीमंत देश पुढे जात. दोन्ही बाजू एका परीने बरोबर होत्या. एक बाजू चिंता मोजत होती, दुसरी खिशात हात घालायची तयारी, आणि दोघांनी आपापल्या मापाला नाव मात्र एकच दिलं होतं, पर्यावरणाची आस्था.

इथे एक सापळा आहे आणि त्यात शहाणी माणसंही अडकतात. समजा, श्रीमंत देशांत तयारी जास्त आहे. त्यावरून श्रीमंत माणसांची तयारी जास्त, असं म्हणता येईल का? नाही. हे सगळ्यात स्वच्छ दाखवलं ते डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी, १९५० साली, पर्यावरणाशी काही संबंध नसलेल्या एका उदाहरणातून. त्यांनी अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेतले आकडे घेतले. ४८ राज्यांत परदेशात जन्मलेल्या लोकांचं प्रमाण आणि निरक्षरांचं प्रमाण यांचा सहसंबंध (दोन गोष्टी किती सोबत वाढतात-घटतात याचं उणे १ ते अधिक १ मधलं माप) काढला, तर तो आला सुमारे उणे ०.५३. म्हणजे जिथे बाहेरून आलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी. मग बाहेरून आलेले लोक जास्त शिकलेले होते का? एकेका माणसाच्या पातळीवर तोच हिशोब मांडला, तेव्हा सहसंबंध आला अधिक ०.१२. चिन्हच उलटलं. बाहेरून आलेली माणसं इतरांपेक्षा थोडी जास्त निरक्षरच होती, फक्त ती जाऊन राहिली ती शिकलेल्यांच्या राज्यांत. राज्याचा आकडा राज्याबद्दल बोलत होता, माणसाबद्दल नाही.

पर्यावरणाच्या आकड्यांत ही चूक रोज होते. ‘शिक्षित देशांत जागरूकता जास्त, म्हणून शिक्षणाने जागरूकता वाढते’ हे वाक्य खरं असेलही, पण देशांच्या सरासऱ्यांवरून ते सिद्ध होत नाही. त्यासाठी माणसं आणि देश दोन्ही एकाच वेळी, पण वेगवेगळ्या पायऱ्यांवर ठेवावे लागतात. यालाच बहुस्तरीय मॉडेल म्हणतात.

त्याचं मूळ गणित अगदी साधं आहे. समजा, दहापैकी गुण देणारी एक मोजपट्टी आहे. सगळ्या देशांची मिळून सरासरी ६. एका देशाची सरासरी ५. त्या देशातल्या एका बाईंचे गुण ७. मग त्यांचा ७ असा फोडायचा: सगळ्यांचे ६, देश मागे म्हणून वजा १, आणि बाई आपल्याच देशवासीयांपेक्षा पुढे म्हणून अधिक २. वजा १ का आला, हे देशाच्या गुणधर्मांवरून समजून घ्यायचं. अधिक २ का आला, ते बाईंच्या शिक्षणावरून, वयावरून, उत्पन्नावरून. उत्पन्नाचेही असेच दोन भाग करायचे: देशाचं सरासरी उत्पन्न किती, आणि बाई त्या सरासरीच्या किती वर किंवा खाली. या दोन भागांचे परिणाम वेगळे निघू शकतात, उलट्या दिशेचेही निघू शकतात, आणि रॉबिन्सन यांचा सापळा टळतो.

एवढं केलं की पहिली उपयोगी गोष्ट कळते. लोकांच्या उत्तरांत जो एकूण फरक आहे, त्यातला देशादेशांमधला किती आणि एकाच देशातल्या माणसामाणसांमधला किती? अशा पाहण्यांत बहुतेक वेळा दुसरा वाटा पहिल्यापेक्षा पुष्कळ मोठा निघतो. क्रमवारीत एकमेकांपासून लांब असलेल्या दोन देशांतल्या माणसांची उत्तरं एकाच कागदावर ठिपक्यांनी मांडली, तर दोन ढग एकमेकांवर चढलेले दिसतात. फक्त त्यांचे मध्यबिंदू थोडे सरकलेले असतात. नकाशावर मात्र एक देश गडद हिरवा आणि दुसरा फिका रंगवतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की तिथली सगळीच माणसं तशी.

अशा मॉडेलची आणखी एक सवय मला फार आवडते. एखाद्या देशातून कमी माणसांची उत्तरं मिळाली असतील, तर मॉडेल त्या देशाची सरासरी आहे तशी घेत नाही, सगळ्यांच्या सरासरीकडे थोडी ओढून घेतं. पुरावा जितका तोकडा, तितकी ओढ जास्त. थोड्या माणसांवरून मोठा दावा करू नये, ही गोष्ट त्याच्या गणितातच बसवलेली आहे.

पण मॉडेललाही एक दुखरी बाजू आहे, आणि ती सांगितलीच पाहिजे. समजा, ३० देश आणि प्रत्येकी हजार माणसं. आकडा होतो ३०,०००, ऐकायला भक्कम. पण ‘देशाच्या श्रीमंतीचा परिणाम काय?’ असं विचारलं की हाताशी ठिपके असतात फक्त ३०. माणसं कितीही वाढवली तरी देशाची श्रीमंती हा देशाला एकच आकडा असतो. तीस ठिपक्यांमधून रेघ ओढायची आणि त्यातच श्रीमंती, लोकशाही, प्रदूषण, शिक्षण असे चार-पाच घटक एकमेकांपासून वेगळे करायचे म्हणजे तारेवरची कसरत. त्यातून श्रीमंत देश बहुधा शिक्षितही असतात, तिथली लोकशाहीही जुनी असते. हे घटक हातात हात घालून चालतात, तेव्हा श्रेय कुणाला द्यायचं? डॅनियल स्टेगम्युलर यांनी २०१३ साली संगणकावर कृत्रिम आकडे तयार करून तपासलं, तर देश थोडे असताना नेहमीच्या पद्धती आपल्या उत्तराबद्दल वाजवीपेक्षा जास्त खात्री दाखवतात असं निघालं. म्हणून असा कुठलाही निष्कर्ष हाती आला की मी एकेक देश वगळून गणित पुन्हा मांडते. एक देश काढल्यावर रेघ आडवी होत असेल, तर तो निष्कर्ष त्या एका देशाचा आहे, जगाचा नाही.

काळाची कसोटी तर आणखी कठीण. श्रीमंतीने आस्था वाढत असेल, तर देश जसजसे श्रीमंत होतील तसतशी आस्था वाढायला हवी. फ्रान्झेन आणि डोमिनिकुस फोगल यांनी १९९३ ते २०१० मधल्या आयएसएसपीच्या तिन्ही फेऱ्या एकत्र ठेवल्या, तर जवळपास सगळ्याच देशांत आस्था थोडी कमी झालेली दिसली. म्हणजे एका वेळी अनेक देश शेजारी ठेवले तर एक चित्र, आणि एकच देश वर्षानुवर्षं पाहिला तर दुसरं. दोन्ही खरीच आहेत. पहिल्या चित्रावरून दुसऱ्याचं भाकीत करणं ही चूक.

आता तिसऱ्या धाग्याकडे, म्हणजे प्रश्नाकडे येऊ. माझ्या मते सगळा विषय इथे येऊन ठेपतो.

दोन देशांची सरासरी शेजारी ठेवायची, तर मोजपट्टी दोन्हीकडे एकच हवी. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. सगळे प्रश्न दोन्हीकडे एकाच गोष्टीभोवती गोळा होतात का? प्रत्येक प्रश्न त्या गोष्टीशी सारख्याच ताकदीने जोडलेला आहे का? आणि सारखी आस्था असलेली दोन माणसं, देश वेगळे असले तरी, एकाच पर्यायावर खूण करतात का? पहिल्या पायऱ्या बऱ्याचदा चढता येतात. तिसरीवर पुष्कळ देश घसरतात. कुठे माणसं टोकाचे पर्याय सहज निवडतात, कुठे मधला पर्याय सभ्य वाटतो, तर कुठे समोर बसलेल्या पाहुण्याला नाही म्हणायचं नाही म्हणून होकार दिला जातो. या होकाराच्या सवयीला तोड म्हणून डनलॅप यांच्या २००० सालच्या प्रसिद्ध मोजपट्टीत १५ विधानं मुद्दाम अशी रचली आहेत की आठांशी सहमत होणं म्हणजे निसर्गाची बाजू घेणं आणि उरलेल्या सातांशी सहमत होणं म्हणजे तिच्या विरुद्ध जाणं. सगळ्यालाच मान डोलावणारा माणूस त्यात चटकन दिसून येतो.

गॅरी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली यावर एक फार सुंदर युक्ती मांडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत लोकांना विचारलं होतं की आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या बाबतीत सरकारला लक्ष घालायला लावण्यात तुमचं कितपत चालतं. उत्तरं पाहिली तर चीनमधल्या लोकांचं मेक्सिकोतल्या लोकांपेक्षा जास्त चालत होतं! मेक्सिकोने नुकतंच, २००० साली, मतपेटीतून सत्तांतर घडवलेलं. मग किंग यांनी आधाराला छोट्या गोष्टी वापरल्या. त्यातली एक अशी: एका माणसाला पिण्याचं स्वच्छ पाणी मिळत नाही. हे बदलावं असं त्याला वाटतं, पण त्याला मत देता येत नाही आणि सरकारात कुणाला याची फिकीर आहे असंही त्याला वाटत नाही. तो मुकाट्याने सोसतो. आता सांगा, या माणसाचं कितपत चालतं? आणि मग, तुमचं स्वतःचं?

गोष्टीतला माणूस दोन्ही देशांत तोच, त्यामुळे त्याला दिलेल्या गुणांवरून प्रत्येक देशाची मोजपट्टी कुठे सुरू होते ते कळलं. चीनमधल्या अनेकांनी त्या मुकाट सोसणाऱ्या माणसालाही स्वतःच्या वर ठेवलं होतं. मोजपट्ट्या जुळवून घेतल्यावर क्रम उलटला आणि मेक्सिको पुढे गेला. पहिली सरासरी माणसांबद्दल कमी आणि उत्तराच्या पर्यायातल्या ‘बऱ्यापैकी’सारख्या शब्दाबद्दल जास्त बोलत होती.

तिसरी पायरी हुकली तरी सगळं फुकट जात नाही, हे इथे सांगायला हवं. दुसरी पायरी चढता आली असेल, तर देशांच्या सरासरीची तुलना सोडून द्यायची आणि संबंधांची करायची. म्हणजे ‘कुठल्या देशात आस्था जास्त?’ ऐवजी ‘कुठल्या देशात आस्थेतून कृती उतरते?’ असं विचारायचं. बहुस्तरीय मॉडेलमध्ये प्रत्येक देशाला स्वतःची रेघ आणि त्या रेघेला स्वतःचा चढ, म्हणजे आस्था वाढली की कृती किती वाढते ते, देता येतो. किमिन इयोम आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली असंच केलं, तेव्हा दिसलं की व्यक्तीच्या आवडीनिवडीला जास्त मान देणाऱ्या समाजांत हा चढ मोठा असतो. जिथे माणूस आजूबाजूच्यांची रीत बघून वागतो, तिथे स्वतःच्या आस्थेचा कृतीशी संबंध सैल पडतो. तिथल्या लोकांना आस्था नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. त्यांच्या कृतीची दोरी दुसऱ्या खुंटीला बांधलेली आहे, इतकंच.

प्रश्न बदलला की श्रीमंतीचं चिन्हसुद्धा कसं उलटतं, याचा ताजा दाखला २०२४ चा आहे. पीटर आंद्रे आणि सहकाऱ्यांनी १२५ देशांत सुमारे १,३०,००० लोकांना विचारलं की तापमानवाढ रोखण्यासाठी घरच्या उत्पन्नाचा १ टक्का दर महिन्याला द्याल का. ६९ टक्के लोक हो म्हणाले, आणि हो म्हणणाऱ्यांचं प्रमाण गरीब देशांत जास्त निघालं. जुन्या प्रश्नात ‘खूप जास्त किंमत’ होती आणि श्रीमंत देश पुढे होते. नव्या प्रश्नात ज्याच्या त्याच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा आहे आणि श्रीमंत देश मागे आहेत. त्याच पाहणीत हेही विचारलं होतं की तुमच्या देशातल्या शंभरांपैकी किती जण हो म्हणतील. लोकांचा अंदाज सरासरी ४३ चा होता. आपण तयार आहोत पण शेजारी तयार नाही, असं जगभर वाटतंय.

आणि वागणूक? आयएसएसपीच्या प्रश्नावलीत विचारलं होतं की पर्यावरणाखातर तुम्ही मोटार चालवणं किती वेळा कमी करता. नेहमी, बरेचदा, कधीकधी, कधीच नाही. त्याखाली आणखी एक पर्याय होता: माझ्याकडे मोटार नाही किंवा मला चालवता येत नाही. डेटाच्या फाइलीत या उत्तराला वेगळा अंक असतो आणि विश्लेषणात त्या ओळी बहुधा ‘माहिती नाही’ म्हणून गाळल्या जातात. थांबून विचार केला तर पोटात कालवतं. ज्याने मोटारीतून धुराचा कणही सोडला नाही, तोच पर्यावरणपूरक वागणुकीच्या मॉडेलमधून बाहेर. आणि जिथे मोटारी थोड्यांकडेच आहेत, त्या देशाचं ‘वर्तन’ म्हणून जे उरतं ते त्या थोड्या सधन लोकांचं. कचरा वेगळा करण्याच्या प्रश्नातही ‘मी राहतो तिथे तशी सोय नाही’ असा पर्याय होता, त्याचंही बऱ्याचदा हेच होतं. मी या ओळी गाळत नाही. मॉडेल दोन टप्प्यांत करते: आधी, या माणसाला संधी होती का, आणि मग, संधी असलेल्यांनी काय केलं. पहिल्या टप्प्यात देश बोलतो, दुसऱ्यात माणूस.

संधी असतानाही आस्थेची ताकद सगळीकडे सारखी नसते. डीकमान आणि पेटर प्रायझेनडॉर्फर यांनी बर्न आणि म्युनिक शहरांतल्या लोकांच्या पाहणीवरून दाखवलं की जिथे कष्ट आणि खर्च थोडा, तिथे आस्था वागणुकीत उतरते. कचरा वेगळा करणं, खरेदीतल्या निवडी. मोटार आणि घर गरम ठेवण्याचा प्रश्न आला की तिचा जोर ओसरतो.

शिवाय ही सगळी वागणूक लोकांनी स्वतः सांगितलेली. क्रिस्टीन कॉर्मोस आणि रॉबर्ट गिफर्ड यांनी २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र करून सांगितलेली आणि प्रत्यक्ष मोजलेली वागणूक ताडून पाहिली. सहसंबंध ०.४६ निघाला. त्याचा वर्ग केला की एका मापावरून दुसऱ्यातला किती फरक कळतो ते मिळतं. तो आला ०.२१, म्हणजे प्रत्यक्ष वागण्यातल्या फरकाचे शंभरातले ७९ भाग सांगितलेल्या आकड्यांतून कळतच नाहीत.

म्हणून २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ६३ देशांतल्या एका प्रयोगाकडे मी पुन्हा पुन्हा जाते. मदालिना व्लासचेनू आणि सहकाऱ्यांनी ५९,४४० लोकांना हवामानबदलाबद्दलचे वेगवेगळे संदेश दाखवले आणि शेवटी एक काम दिलं. पडद्यावर ६० अंक. त्यातले पहिला आकडा सम आणि दुसरा विषम असलेले शोधायचे: ४७ चालेल, ७४ नाही. एक पान पूर्ण केलं की खरोखर एक झाड लावलं जाणार, अशी एकूण आठ पानं, आणि हवं तेव्हा थांबायची मुभा. काही संदेशांनी हवामानबदलावरचा लोकांचा विश्वास थोडा वाढवला, काहींनी धोरणांना असलेला पाठिंबा. मनात भीती आणि खिन्नता जागवणाऱ्या संदेशाने माहिती इतरांना पाठवण्याची तयारी सगळ्यात जास्त वाढवली. झाडांची संख्या मात्र कुठल्याच संदेशाने वाढली नाही. काही संदेशांनी ती कमीही झाली, बहुधा संदेश वाचण्या-लिहिण्यातच लोकांचा वेळ आणि दम खर्ची पडल्यामुळे. इथे ‘बऱ्यापैकी’चं भाषांतर नाही, ‘नेहमी’ आणि ‘बरेचदा’ नाही, ४७ सगळीकडे ४७ च आहे. पण तो शोधायला लागणारी पाच-दहा मिनिटं मात्र प्रत्येकाची सारखी नाहीत. कुणाच्या दिवसात ती सहज सापडतात, कुणाच्या दिवसात ती झोपेतून किंवा कामातून काढावी लागतात, आणि तो फरक पुन्हा अर्धा माणसाचा असतो, अर्धा देशाचा.